लांब पल्ल्याची रायफल नेमबाजी : थट्टामस्करीत आणि चुरशीत होणाऱ्या या चुका टाळा

लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीत तुमचे गुण तुमचा प्रतिस्पर्धीच लिहितो. इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या बिझलीच्या मैदानावर एकाच लक्ष्यावर दोघे किंवा तिघे शेजारी शेजारी पालथे झोपतात, आळीपाळीने गोळी झाडतात आणि शेजाऱ्याचा प्रत्येक गुण मोठ्याने पुकारून कार्डावर मांडतात. ज्याला हरवायचे आहे त्याच्याच हातात पेन्सिल असते. त्यामुळे इथली चुरस विश्वासावर उभी राहते. याच माणसांबरोबर वर्षानुवर्षे शनिवार-रविवार घालवायचे असल्याने थट्टामस्करीही भरपूर चालते, आणि ती चालावी असे मला मनापासून वाटते. मात्र कोणती थट्टा कुठे करावी हे न कळल्यामुळे चांगले नेमबाज एकमेकांशी बोलेनासे झालेले मी पाहिले आहेत. महाराष्ट्रात रायफल नेमबाजी म्हणजे प्रामुख्याने १० आणि ५० मीटरची. परदेशात गेल्यावर ३०० ते १००० यार्डांच्या मैदानावर प्रथमच उतरणाऱ्या मराठी हौशी नेमबाजांना तिथली चेष्टेची रीत नवी असते. त्यांच्यासाठी विशेष करून हे लिहीत आहे.

गुण लिहिताना केलेली गंमत

ही चूक माझ्या हातून झालेली आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. आमच्या क्लबच्या सरावाचा दिवस होता, अंतर १००० यार्डांचे होते आणि त्या दिवशी प्रत्येक जण आपल्या पंधरा गोळ्या सलग झाडत होता. मी एका ज्येष्ठ स्कॉटिश सदस्यांच्या मागे दुर्बीण लावून, मांडीवर कार्ड घेऊन बसलो होतो. त्यांच्या ओळीने आठ गोळ्यांना पाचपैकी पाच गुण झाले होते. नववी गोळी गेली, लक्ष्य खाली ओढले गेले आणि वर आले तेव्हा गोळी लागल्याची जागा दाखवणारी निशाणीची चकती अगदी मधोमध दिसत होती. मी मुद्दाम पडेल आवाजात "चार" असे पुकारले. त्यांनी गालावरून रायफल दूर केली, स्वतःच्या दुर्बिणीतून पाहिले, हसले आणि पुन्हा रायफलचा दस्ता खांद्याला लावला. तेवढ्या वेळात डावीकडचे वारा दाखवणारे झेंडे पडले होते. लक्ष्य वर आल्यापासून पुढची गोळी झाडायला ४५ सेकंद मिळतात आणि त्यातले निम्मे माझ्या विनोदात गेले होते. दहावी गोळी घाईने सुटली आणि तिला तीन गुण मिळाले.

ते रागावले नाहीत. शेवटी कार्डावर सही करताना एवढेच म्हणाले, "गुण तू बरोबर लिहिलेस. फक्त वाचलेस चुकीचे."

गुण पुकारणाऱ्याचा आवाज हा नेमबाजासाठी साधनाचा भाग असतो, हे मला त्या दिवशी समजले. तो रायफलवरच्या, नेम धरायच्या दर्शकाइतकाच (साइटइतकाच) स्थिर हवा. नाव, गुण, एवढेच आणि त्याच सुरात. मधोमध लागलेल्या गोळीला आनंदाचा सूर लावणे आणि हुकलेल्या गोळीला सहानुभूतीचा सूर लावणेसुद्धा टाळावे, कारण ऐकणारा त्या सुराचाही अर्थ लावत बसतो. तुमच्या हातून असे घडलेच, तर सामना संपल्याबरोबर, चहाच्या टेबलापर्यंत न थांबता, आपली चूक आपल्या तोंडाने कबूल करावी. गुण बदलत नाहीत, पण पुढच्या वेळी तो माणूस तुमच्या हातात कार्ड द्यायला कचरत नाही.

वाऱ्याविषयी सहज टाकलेला शब्द

वैयक्तिक स्पर्धेत नेमबाजाला दुसऱ्याने मार्गदर्शन करणे नियमाने निषिद्ध आहे. हे सर्वांना ठाऊक असते, तरीही "आज झेंडे जरा जास्तच नाचताहेत, नाही का?" असे कोणीतरी शेजाऱ्याला म्हणतोच. म्हणणाऱ्याच्या मनात काही नसते, परंतु नेमका त्या क्षणी वारा बदलला असेल तर हे वाक्य मार्गदर्शन ठरू शकते आणि ऐकणाऱ्यावर तक्रार येऊ शकते. याच्या उलट, प्रतिस्पर्ध्याला बुचकळ्यात पाडण्यासाठी खोटा वारा सांगण्याची एक जुनी खोडी आहे. ती गमतीची वाटते, पण तिचा हिशेब पाहावा. पॉइंट ३०८ कॅलिबरची गोळी १००० यार्ड कापायला सुमारे दीड सेकंद घेते आणि ताशी १० मैलांचा आडवा वारा तिला तेवढ्यात सात-आठ फूट बाजूला नेतो. म्हणजे वाऱ्याच्या अंदाजात ताशी २ मैलांची चूक झाली तरी गोळी दीड फूट सरकते. नवख्या माणसाने तुमचे ऐकून दर्शक फिरवला, तर त्याचा सबंध दिवस वाया जातो, आणि त्याने तुमच्यावर विश्वास ठेवला हाच त्याचा अपराध असतो.

यावर उपाय सरळ आहे. पालथे झोपल्यापासून बोल्ट उघडून उठेपर्यंत वारा हा विषय तोंडातून काढायचा नाही. मागे, गाड्यांपाशी आल्यावर वाऱ्याबरोबर सरकणारे मृगजळ कोणत्या दिशेला वाहत होते यावर तासभर भांडावे. ते भांडण म्हणजे या छंदातले सर्वांत सुंदर भांडण आहे, कारण त्यात दोघेही शिकतात.

दुसऱ्याच्या लक्ष्यावर गेलेली गोळी

शेजारच्या लक्ष्यावर गोळी मारणे ही या खेळातली सर्वांत लाजिरवाणी चूक, आणि म्हणूनच तिच्यावर सर्वांत जास्त विनोद होतात. अगदी मधोमध लागली तरी त्या गोळीला शून्य मिळते. लांब पल्ल्यावर सारखीच दिसणारी लक्ष्ये ओळीने उभी असतात, वाऱ्याकडे पाहून डोळा पुन्हा दर्शकात येतो तेव्हा तो एक लक्ष्य सोडून स्थिरावतो, आणि हे नामवंतांच्याही बाबतीत घडलेले आहे.

१८७४ सालच्या २६ सप्टेंबरला न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर आयर्लंड आणि अमेरिका यांच्यात ८००, ९०० आणि १००० यार्डांचा सामना झाला. आयरिश संघाने आदल्याच वर्षी लांब पल्ल्याच्या नेमबाजीतली मानाची एल्को शील्ड जिंकली होती आणि आव्हानही त्यांनीच दिले होते. अमेरिकन संघात अशा सामन्यांचा अनुभव असलेले कोणी नव्हते. आयर्लंडच्या मिल्नर यांची एक गोळी अगदी मध्यात लागली, पण शेजारच्या लक्ष्यावर. त्या काळी मध्याला ४ गुण असत. सामना अमेरिकेने ९३४ विरुद्ध ९३१ असा जिंकला. तो एक नेम आपल्या लक्ष्यावर असता तर आयर्लंडचे ९३५ झाले असते. शेवटची गोळी अमेरिकेच्या कर्नल जॉन बोडाइन यांची होती. काही वेळापूर्वीच जिंजर बिअरची बाटली फुटून त्यांचा हात कापला होता, तरी हाताला रुमाल गुंडाळून त्यांनी मध्य साधला. आणि आयरिश संघाचे कर्णधार मेजर लीच यांनी त्याच दौऱ्यात अमेरिकन नेमबाजांना एक चषक भेट दिला. लीच चषक या नावाने तो अमेरिकेत आजही १००० यार्डांच्या नेमबाजीसाठी दिला जातो. अशा हरण्यानंतर कोणाला टोमणा मारता येईल?

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स सुवर्णपदकाच्या दारात होता आणि शेवटची गोळी त्याने शेजारच्या लक्ष्यावर मारली. शून्य गुण मिळाले आणि तो आठव्या क्रमांकावर घसरला. त्या संध्याकाळी त्याच्या खांद्यावर हात ठेवून धीर द्यायला आली ती चेक नेमबाज कातेरिना कुर्कोवा. पुढे २००७ साली दोघांनी लग्न केले.

कोणाची गोळी शेजारच्या लक्ष्यावर गेली, तर त्या दिवशी त्याची फिरकी घेऊ नये. पुढच्या आठवड्यात तो स्वतःच तो किस्सा सांगू लागला की मग खुशाल घ्यावी. पहिला विनोद करण्याचा हक्क ज्याची गोळी चुकली त्याचाच आहे. आणि शेजाऱ्याच्या गोळीचे छिद्र आपल्या लक्ष्यावर दिसले तर "आयते पाच मिळाले" म्हणून हसू नये. लगेच ते गुण लिहिणाऱ्याच्या निदर्शनास आणून द्यावे, म्हणजे आपल्या खऱ्या गोळीबद्दल वाद उरत नाही.

साधनांवरून चिडवणे आणि हरल्यावरची कारणे

स्लिंगच्या (दंडाला अडकवलेल्या पट्ट्याच्या) आधाराने कोपरांवर रायफल पेलणारे नेमबाज आणि दोन पायांच्या टेकूवर किंवा वाळूच्या पिशवीवर रायफल ठेवून मारणारे एफ-क्लासचे नेमबाज यांच्यात जुनी गोड खुन्नस आहे. पहिले दुसऱ्यांना "टेकूवाले" म्हणून हिणवतात. दुसरे आपल्या लक्ष्यावरची वर्तुळे निम्म्या आकाराची असल्याची आठवण करून देतात. हे चालू द्यावे. नवख्याच्या रायफलकडे पाहून तिची किंमत विचारणे आणि मग हसणे, हे मात्र टाळावे. त्याने कदाचित सेकंडहँड रायफल घेण्यासाठी दोन वर्षे पैसे साठवलेले असतात.

हरल्यावर सांगितल्या जाणाऱ्या कारणांबद्दल मात्र मी कठोर आहे. काडतुसे खराब होती, बट्समधल्या (लक्ष्ये वर-खाली करतात त्या जागेतल्या) माणसाने निशाणी चुकीची दाखवली, ऊन डोळ्यावर होते. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण नेमबाजीच्या मैदानावर रोज खरी होते. आपली गोळी कुठे सुटली हे ट्रिगर दाबताक्षणी स्वतःशी सांगावे, वहीत मांडावे आणि मग निशाणी पाहावी. ही सवय लागली की कारणे आपोआप कमी होतात, कारण वही खोटे बोलत नाही. दाखवलेल्या गुणाबद्दल खरोखरच शंका असेल तर त्याच क्षणी नियमाप्रमाणे हरकत घ्यावी. दोन तासांनी बारमध्ये ती घेणे म्हणजे बट्समध्ये उन्हात राबणाऱ्या माणसाच्या पाठीमागे त्याची बदनामी करणे होय.

ज्या थट्टेला अजिबात माफी नाही

मस्करीची कुस्करी इथे शब्दशः होऊ शकते, म्हणून स्पष्ट लिहितो. दुसऱ्याच्या रायफलला हात लावून दर्शकाचे बटण गंमत म्हणून फिरवून ठेवणे हा गुन्हा समजावा. बहुतेक दर्शकांचा एक टप्पा कोनाच्या मापात पाव मिनिटाचा असतो, असे चार टप्पे फिरले की १००० यार्डांवर गोळी साडेदहा इंच सरकते. उंचीचे बटण काही फेरे फिरले तर गोळी मागच्या मातीच्या बांधाच्या वरूनही जाऊ शकते. स्वतः काडतुसे भरणाऱ्यांत बंदुकीच्या दारूच्या वजनावरून चेष्टा चालते. "अरे, अजून दोन ग्रेन टाक, मग बघ कशी जाते" असे कोणी म्हणते आणि ऐकणारा नवखा ते खरे मानतो. दोन ग्रेन म्हणजे अवघे सव्वाशे-दीडशे मिलिग्रॅम, पण आधीच मर्यादेला भिडलेल्या काडतुसात तेवढ्याने दाब धोक्याच्या पातळीवर जातो आणि बोल्ट चेहऱ्यापासून काही इंचांवर असतो. दारूचे प्रमाण फक्त छापील तक्त्यातून घ्यावे आणि त्याविषयी कोणी चेष्टा करताना ऐकले, तर सर्वांसमोर ती दुरुस्त करावी. ज्याला वाईट वाटेल त्याला वाटू द्यावे.

भरलेली रायफल हातात असताना मागून हाक मारणे, खांद्यावर थाप मारणे, हेही याच सदरात येते.

"बाईकडून हरलास?"

हा विनोद मराठी मंडळींच्या तोंडून ऐकताना मला फार वाईट वाटते. मार्जोरी फॉस्टर यांनी १९३० साली बिझलीला किंग्ज प्राइझ हे तिथले सर्वांत मानाचे बक्षीस जिंकले, तेही एका गुणाच्या फरकाने. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथे झोपून मारण्याच्या प्रकारात) विश्वविजेत्या झाल्या. हरलेल्याला चिडवायचेच असेल, तर त्याने वारा कसा चुकीचा वाचला यावरून चिडवावे. त्यात निदान पुढच्या वेळी उपयोगी पडेल असे काही असते.

संघांची चुरस

कोल्हापूरचा उल्लेख आलाच आहे, तर आणखी एक गोष्ट सांगतो. बिझलीच्या वार्षिक मेळाव्यात देशादेशांच्या संघांमध्ये ३००, ५०० आणि ६०० यार्डांवर 'कोलापोर' नावाचा सामना होतो. कोल्हापूरच्या राजांच्या देणगीतल्या चषकासाठी १८७१ पासून तो चालत आला आहे. छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडला गेले होते आणि परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्सला त्यांचे निधन झाले. त्यांच्या गावाचे नाव इंग्रजांच्या, कॅनडावाल्यांच्या तोंडी आजही दर जुलैत असते, हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा अंगावर काटा आला होता. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक जिंकले, तेव्हा क्लबमधल्या त्या स्कॉटिश सदस्यांनी मला विचारले, "हा तुमच्या चषकाच्या गावचा का?"

संघाच्या सामन्यात प्रतिस्पर्धी संघाला चिडवण्याचे काम कर्णधारांवर सोडावे. नेमबाजाने आपल्या प्रशिक्षकाचा आवाज सोडून दुसऱ्या कोणाचाही आवाज ऐकू नये आणि स्वतः काही बोलू नये. पैज लावायची असेल तर ती एका बिअरच्या ग्लासाची किंवा चहाची असावी, आणि हरणाऱ्याने ती त्याच संध्याकाळी चुकती करावी. मोठी रक्कम मध्ये आली की गुण लिहिणाऱ्याच्या पेन्सिलीकडे लोक संशयाने पाहू लागतात.

बिनसलेच तर

एवढी काळजी घेऊनही कोणाशी बिनसते. समोरचा माणूस दोन-तीन आठवडे तुमच्या शेजारचे लक्ष्य टाळू लागला, चहाला वेगळ्या टेबलावर बसू लागला, तर समजावे की तुमचा कुठला तरी शब्द लागला आहे. अशा वेळी लांबलचक खुलासे देत बसू नये. पुढच्या सरावाच्या दिवशी लवकर जावे, त्याच्या लक्ष्याच्या यादीत आपले नाव लिहावे आणि त्याचे कार्ड स्वतःहून मागून घ्यावे. मग मांडीवर कार्ड ठेवून पंधराच्या पंधरा गुण एका सुरात पुकारावेत, सही करावी आणि कार्ड त्याच्या हातात द्यावे. माझ्या त्या नवव्या गोळीनंतरच्या रविवारी मी हेच केले होते. त्या दिवशी स्कॉटिश सदस्यांचे ७५ पैकी ७३ झाले. कार्ड घडी घालून खिशात ठेवत त्यांनी माझी रायफल उचलली आणि म्हणाले, "चल, आता तू झोप. मी लिहितो."