वही कोरी म्हणून घाबरू नका: बालवाडीच्या वयात या चुका टाळा

जूनमध्ये शाळा उघडली की थोड्याच दिवसांत पालकांचा पहिला प्रश्न येतो: "बाई, वहीत अजून काहीच कसं नाही?" पणजीत काय, डिचोली-सत्तरीकडे काय, प्रश्न तोच. मूल जेमतेम साडेतीन वर्षांचं, पण शेजारच्या केजीतल्या मुलाची एबीसीडी लिहून झाली म्हटल्यावर घरात धास्ती पसरते आणि संध्याकाळी आई पेन्सिल घेऊन बसते. बालवाडीच्या बाबतीत घरच्यांच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुका या कोऱ्या वहीपासूनच सुरू होतात.

शाळा टाळाटाळ करते असं वाटत असेल, तर एवढं ध्यानात घ्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे आणि गोव्यात त्याची सुरुवात २०२३-२४ मध्ये झाली. खेळ, गोष्टी, गाणी आणि हाताने करायची कामं हाच त्या टप्प्याचा अभ्यासक्रम आहे. बाई मुलांना मातीत बसवतात म्हणजे तास बुडाला असं नव्हे.

हात तयार होण्याआधी पेन्सिल

मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची, म्हणजे मऊ आणि लवचीक असतात आणि वर्षानुवर्षं एकेक करून टणक होत जातात. शेवटचं हाड तर नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान तयार होतं. चार वर्षांच्या मुलाला दोन पानं 'अ' गिरवायला बसवणं म्हणजे काय, हे कळायचं असेल तर डाव्या हाताने दहा वेळा 'अ' लिहून बघा. डावखुरे असाल तर उजव्या हाताने.

मुलाला आकार साधारण ठरलेल्या क्रमाने जमतात: तिसऱ्या वर्षाच्या आसपास गोल, चौथ्याला अधिकचं चिन्ह, साडेचार-पाचला चौकोन, त्रिकोण त्याही नंतर. अक्षर म्हणजे या सगळ्यांची मोळी. ती आधी बांधता येत नाही.

पेन्सिल इतकी दाबून धरतोय की कागद फाटतो, दोन ओळींत हात दुखतो म्हणतो, वही दिसली की पलंगाखाली पळतो, असं काही दिसत असेल तर काही आठवडे वही कपाटात ठेवा. अंगणात खडूने मोठ्या रेघा मारू द्या. ताटात रवा पसरून बोटाने गोल काढू द्या. पोळ्यांची कणीक मळायला द्या, वाल सोलायला बसवा, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावायला सांगा. पेन्सिल धरायची तीन बोटं याच कामांत तयार होतात. पाच-सहा वर्षांची मुलं ३ किंवा ६ उलटा काढतात त्याचाही बाऊ नको. बहुतेकांचं सातव्या वर्षाच्या सुमारास आपोआप सुटतं.

शंभरपर्यंत म्हणतो, पण पाच देत नाही

पाहुणे आले की "शंभरपर्यंत म्हणून दाखव" हा कार्यक्रम होतोच. तो होऊ द्या, पण पाहुणे गेल्यावर मुलासमोर वाटीभर चिंचोके ठेवा आणि म्हणा, "मला पाच दे." पुष्कळ मुलं मूठभर उचलून देतात. शंभर हे त्यांच्यासाठी गाणं असतं, अंक नव्हे. एका चिंचोक्याला एकच आकडा लागतो आणि शेवटी आलेला आकडा म्हणजे एकूण किती, या दोन गोष्टी पक्क्या झाल्या की मोजणं आलं. त्या पाठ करून येत नाहीत. चार माणसांची पानं वाढताना, प्रत्येकाला एकेक वाटी ठेवताना येतात.

आणखी एक गंमत करून बघा. पाच शिंपले जवळजवळ मांडा, मग मुलासमोरच ते लांब लांब पसरा आणि विचारा, आता जास्त झाले का? चार-पाच वर्षांचं मूल ठामपणे "हो" म्हणेल. त्याला खोटं पाडू नका. ती समज साधारण सहा-सात वर्षांनी येते आणि समजावून सांगितल्याने लवकर येत नाही.

साहित्यासाठी दुकानात पैसे घालवायची गरज नाही. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, तेव्हा महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी आसपास मिळणाऱ्या वस्तूच घेतल्या. आपल्याकडे तर तिसऱ्यांचं कालवण झालं की टोपलीभर शिंपले उरतात. धुऊन, उन्हात वाळवून लहान-मोठे लावायला द्या. फक्त कच्च्या काजूबिया देऊ नका. सालातल्या तेलाने कातडी भाजते, हे गोव्यात तरी सांगायला नको, तरी दर मार्चमध्ये कुणाचे तरी ओठ सुजतातच. आणि घरात रांगणारं भावंड असेल तर चिंचोकेही वरच्या फळीवर.

चवथीला गणपतीच्या वर टांगायची फळांची माटोळी हा तर वर्गवारीचा आयता धडा. नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे, चिबूड, रानातून आणलेली फळं बांधायच्या आधी जमिनीवर पसरलेली असतात, तेव्हाच मुलांना "हात लावू नको" म्हणून हाकललं जातं. हाकलू नका. खरबरीत एकीकडे, गुळगुळीत दुसरीकडे; जड कुठलं, वास कशाला येतो, एवढं करू द्या. आजोबा पाट्यावर चढून दोरी बांधताना ओरडतील, ते ओरडू देत.

कोंकणी बोललं म्हणून टोकणं

आपल्या मुलांच्या कानांवर घरात कोंकणी, आरतीला आणि शाळेत मराठी, बिल्डिंगमध्ये हिंदी आणि मोबाईलवर इंग्रजी पडते. सुरुवातीला या भाषा एकमेकींत मिसळतात. "बाई, म्हाका उदक जाय," असं मूल म्हणालं तर चांगली बाई एवढंच म्हणते, "पाणी हवं? हे घे पाणी." मुलाचं काम झालं, मराठी शब्दही कानावर पडला आणि चारचौघांत चूक निघाली नाही. घरीही हेच करा. "असं नाही, तसं म्हण" असं दिवसातून पन्नासदा ऐकलेलं मूल हळूहळू तोंडच उघडेनासं होतं.

याहून मोठी चूक म्हणजे शाळा इंग्रजी आहे म्हणून आजीसकट सगळ्यांनी घरी तोडकंमोडकं इंग्रजी बोलायला लागणं. मग आजीची गोष्ट बंद होते आणि उरतं काय? "कम, सिट, ईट, डोन्ट." ज्याला जी भाषा भरभरून येते ती त्याने बोलावी. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने मूल बोलायचं मागे पडतं, हा समज चुकीचा आहे.

दारातलं रडणं

मूल रडतं म्हणून त्याचं लक्ष नसताना गुपचूप निघून जाणं सगळ्यात वाईट. दुसऱ्या दिवशी ते साडीचा पदर सोडत नाही, कारण तुम्ही कधी नाहीसे व्हाल याचा त्याला नेम उरत नाही. सांगून निघा. "साडेअकराला येते" हे त्याला कळत नाही. "डबा खाऊन, गाणं झालं की येते" हे कळतं. आणि तेव्हा खरोखर दारात असा. खिडकीआड उभं राहून डोकावणाऱ्या आजोबांना घरी पाठवा. चवथीच्या सुट्टीनंतर रडणं पुन्हा सुरू होतं; ते दोन-चार दिवसांचं असतं.

"आज काय शिकलास?"

उत्तर ठरलेलं: "काही नाही." "आज कोणाशेजारी बसलास? गोष्टीत वाघ होता की कोल्हा?" असं विचारा, मग बघा. बाईंनाही 'किती अक्षरं झाली' याऐवजी तो आपली पाळी येईपर्यंत थांबतो का, मदत लागली तर मागतो का, हे विचारावं.

मोबाईलबद्दल थोडक्यात: तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी तितकं बरं. अक्षरं शिकवणारे व्हिडिओ त्या तासातच धरा.

हट्ट की बहिरेपणा

"ऐकतच नाही" ही तक्रार पावसाळ्यात आली तर आधी कानाकडे बघा. सतत सर्दी असलेल्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं. कान दुखेलच असं नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ता लागत नाही. मूल टीव्ही मोठा करतं, मागून हाक मारली तर वळत नाही, प्रत्येक वेळी "हां?" करतं. तीन वर्षांनंतरही दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलत नसेल, तरीही कान तपासून घ्या. मुलगा आहे, उशिरा बोलेल, हे आजीचं मत जरा बाजूला ठेवा. अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर येतात तेव्हा त्यांना दाखवा, नाहीतर सरळ कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. आणि तोवर बाईंना सांगून त्याला वर्गात पुढे, त्यांच्या समोर बसवा.