परतवाड्याहून बेसिक कोर्सला जाताना

आमच्या गच्चीवरून सातपुडा दिसतो. गाव परतवाड्याच्या अलीकडे, समोर चिखलदऱ्याचा डोंगर आणि त्याच्या मागे वैराट. वैराटची उंची १,१७८ मीटर, मेळघाटात त्याहून उंच जागा नाही. लहानपणी मला वाटायचं, यापेक्षा उंच असून असणार किती! २०२३ च्या पावसाळ्यानंतर गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्ससाठी उत्तराखंडातल्या उत्तरकाशीला बसमधून उतरलो तेव्हा कळलं, की ते शहरच जवळपास वैराटच्या उंचीवर वसलेलं आहे. आपला डोंगर संपतो तिथं त्यांचं बसस्टँड.

तेव्हापासून आमच्या भागातली पोरं-पोरी विचारायला येतात, 'दादा, आपल्याले जमंन का?' जमतं. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले, ८,८४८ मीटरवर. पण जाण्याआधी काही गोष्टी माहीत असल्या पाहिजेत. मला त्या तिथं गेल्यावर कळल्या, म्हणून लिहितो आहे.

गिर्यारोहण रीतसर शिकवणाऱ्या संस्था देशात मोजक्याच. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ ची, तिथं तेनझिंग नोर्गे शिकवायचे. उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ ची, तिला सगळे 'निम' म्हणतात. मनाली आणि पहलगामलाही आहेत. मी निमला अठ्ठावीस दिवसांचा बेसिक केला. फॉर्म ऑनलाइन भरायचा आणि जागा काही महिने आधीच भरलेल्या असतात, तेव्हा दसऱ्याला मनात आलं आणि दिवाळीला निघालो, असं होत नाही. फीमध्ये राहणं, जेवण आणि बहुतेक सामान येतं. रकसॅक, स्लीपिंग बॅग, बर्फाचे बूट, आइस अ‍ॅक्स, क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे टोकदार दाते) हे सगळं संस्था देते. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. एका दुकानदारानं लांबलचक यादी हातात ठेवली आणि सोयाबीनचे आलेले पैसे त्यात गेले. त्यातलं निम्मं सामान महिनाभर खोलीतल्या खाटेखाली पडून होतं.

तुम्ही पैसे घाला ते बुटांत. बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो. जाड मोजा घालून बघा आणि पुढे बोटभर जागा सोडा, कारण उतारावर अंगठा पुढं आदळतो आणि नख काळं पडतं. नवे बूट घालून थेट कोर्सला जाऊ नका. मी दोन महिने वावरात पाणी द्यायला जातानाही तेच घालत होतो.

आणि कापूस घरी ठेवा. हे लिहिताना जीव खालीवर होतो, कारण आमचं घर पऱ्हाटीवर चालतं. पण सुती बनियन घामानं भिजला की वाळत नाही आणि थांबल्या थांबल्या तो अंगातली ऊब ओढून घेतो. अंगालगत सिंथेटिक किंवा लोकरीचं, त्यावर फ्लीसचं उबदार जाकीट, त्यावर वारा अडवणारं. पहिल्या चढाला मी आईनं दिलेला जाड सुती शर्ट घातला होता. विसाव्याला पाच मिनिटं बसलो आणि दातावर दात वाजायला लागले.

सरावासाठी आपल्याकडे उंची नाही, पण चढ आहे. परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदरा, दर रविवारी. रकसॅकमध्ये तुरीच्या डाळीच्या पिशव्या भरायच्या, आठ किलोपासून सुरुवात आणि तीन महिन्यांत अठरावर. चढताना छाती भरते, त्याची सवय होते. गुडघे कामी येतात ते उतरताना, तेव्हा खाली जीपनं येऊ नका, पायीच उतरा. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्यामुळे रोजचं धावणं पहाटे साडेचारलाच उरकायचं. एवढं मात्र सांभाळा, की डांबरी रस्ता सोडून जंगलाच्या पायवाटेनं घुसायचं नाही. व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, परवानगी लागते, आणि पहाटे अस्वलं फिरत असतात.

दोराच्या गाठी घरूनच शिकून जा. फिगर ऑफ एट, बोलाइन, क्लोव्ह हिच. तिसरी तर मला येतच होती. बाबा बैलाचं दावं खुंट्याला ज्या दोन वेढ्यांनी अडकवतात, तीच ती. पण तिथं ती हातमोजे घालून, बधिर बोटांनी, मागून सर ओरडत असताना बांधायची असते. मी घरी डोळे मिटून खाटेच्या पायाला बांधून बघायचो. उत्तरकाशीजवळ तेखलाच्या कातळावर पहिल्या दिवशी माझी गाठ बघून सर काही न बोलता पुढच्याकडे गेले. तिथं न बोलणं म्हणजे शाबासकी, हे मला चार दिवसांनी कळलं.

घरच्यांची समजूत काढणं सगळ्यात अवघड. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा-२ या ५,६७० मीटरच्या शिखरावर हिमस्खलन झालं आणि निमच्या प्रगत कोर्सची मुलं व प्रशिक्षक मिळून एकोणतीस जण गेले. बातमी आमच्याही टीव्हीवर आली होती. माय म्हणाली, 'बरफात दबून मेले नं थे पोट्टे? तू कायले जातं तिथं?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. धोका नाही असं तिला मी सांगितलं नाही, तुम्हीही घरी सांगू नका. काय शिकायला जातोय, किती दिवस फोन लागणार नाही, कुणाला विचारायचं, हे कागदावर लिहून द्या. मायनं तो कागद देवघरात ठेवला होता.

पहिला आठवडा खाली कातळावर जातो. मग भुक्की गावापर्यंत बस, तिथून पाठीवर ओझं घेऊन पायी, वाटेत 'तेल' आणि 'गुज्जर हट' हे टप्पे आणि शेवटी डोकरानी बामक. बामक म्हणजे तिकडच्या बोलीत हिमनदी. बेस कॅम्प साधारण ३,७०० ते ३,८०० मीटरवर. इथं हवेत ऑक्सिजनचं प्रमाण आपल्याकडे आहे तेवढंच असतं, जवळपास एकवीस टक्के, पण हवेचा दाब कमी असल्यानं दर श्वासाला तो कमी मिळतो. शरीराला सवय व्हायला दिवस लागतात. म्हणून आधी ओझं वर नेऊन ठेवतात आणि झोपायला खाली येतात. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये असा नियम आहे. डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं ही सुरुवात. चालताना झोक जाणं, बसल्या जागी धाप लागणं म्हणजे प्रकरण गंभीर, लगेच खाली. माझी भूक तिसऱ्या दिवशी पार गेली होती. आईनं बांधून दिलेली जवसाची चटणी भातावर घेतली तेव्हा कुठं घास उतरला. अशी एखादी पुडी जवळ ठेवाच.

बर्फावर घसरलं तर थांबायचं कसं, हे तिथं पन्नास वेळा करून घेतात. बर्फाच्या कुऱ्हाडीचं, म्हणजे आइस अ‍ॅक्सचं, डोकं खांद्याजवळ, दुसरा हात दांड्याच्या टोकाला, पालथं होऊन छातीचा सगळा भार टोकदार बाजूवर. क्रॅम्पॉन असतील तर पाय वर, नाहीतर दाते बर्फात अडकून माणूस उलटा फिरतो. पहिल्या दिवशी कॉलरमधून पोटापर्यंत बर्फ जाईल. जाऊ द्या.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो, ते सांगतो. माझ्या रोपमध्ये, म्हणजे एका दोरावर चालणाऱ्या गटात, चंद्रपूर जिल्ह्यातला एक मुलगा होता, गाव जिवतीकडचं. आमच्यात सगळ्यात दणकट. बेस कॅम्पच्या दुसऱ्या रात्री त्याच्या डाव्या बरगडीखाली कळ यायला लागली. 'गॅस झाला असंन,' म्हणत रात्रभर गप्प पडून राहिला. मी शेजारी होतो आणि मीही ऐकून घेतलं. सकाळी तो सरळ उभा राहू शकेना. प्रशिक्षकांनी अर्ध्या तासात त्याला खाली पाठवलं. सोनोग्राफीत प्लीहेच्या (डाव्या बरगडीखालच्या अवयवाच्या) एका भागाचा रक्तपुरवठा बंद पडल्याचं दिसलं, आणि रक्त तपासल्यावर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा एएस पॅटर्न, म्हणजे वाहकाचा, निघाला. तो वाहक होता आणि त्याला ते माहीतच नव्हतं. त्याच्या मेडिकल फॉर्मवर डॉक्टरची सही होती, पण ही तपासणी कुणी केलीच नव्हती.

आपल्या विदर्भात सिकलसेल घरोघर आहे, विशेषतः आदिवासी आणि दलित वस्त्यांमध्ये. वाहकाला गावात सहसा आयुष्यभर काही त्रास होत नाही. पण उंची, अंगमेहनत आणि पाणी कमी पडणं एकत्र आलं, की काहींच्या प्लीहेला असा मार बसतो. एसएस पॅटर्न, म्हणजे प्रत्यक्ष आजार, असलेल्यांनी तर तज्ज्ञाला विचारल्याशिवाय उंचावर जाऊच नये. वाहक आहे म्हणून स्वप्न सोडायचं असं नाही. डॉक्टरांशी बोला, फॉर्मवर लिहा, प्रशिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा, दिवसाला तीन-चार लिटर पाणी प्या आणि डावीकडे दुखलं तर त्याच क्षणी तोंड उघडा. तपासणी साधी आहे. आधी सोल्युबिलिटी ही रक्ताची चाचणी, ती पॉझिटिव्ह आली तर एएस की एसएस ते सांगणारी इलेक्ट्रोफोरेसिस. सरकारी दवाखान्यात विचारा.

बेसिकला 'ए' ग्रेड मिळाली तर प्रगत कोर्सला जाता येतं, पुढे प्रशिक्षक होण्याचा आणि शोध-बचावाचा कोर्स आहे. मला 'ए' मिळाली. प्रगतचा फॉर्म भरला आहे.

तो मुलगा महिन्याभरात बरा झाला. आता पहाटे गावातल्या सतरा पोरा-पोरींना घेऊन घाटात पळतो. नवं कुणी आलं, की पहिल्या दिवशी पळवत नाही. आधी आरोग्य केंद्रात नेतो, बोटाला सुई टोचवून घेतो आणि चिठ्ठी खिशात ठेवतो.