जुने पार्ट बघायला निघण्याआधी: कमी पैशांतल्या गेमिंग पीसीची तयारी

यादीची पहिली ओळ मॉनिटरची लिहा. तो १०८०पी आणि ६० हर्ट्झचा आहे की १४४०पी आणि १४४ हर्ट्झचा, (पहिला आकडा चित्राची बारकाई, दुसरा सेकंदाला किती चित्रं) यावर कोणतं ग्राफिक्स कार्ड शोधायचं ते ठरतं आणि बाकीची खरेदी त्या कार्डाच्या मागून येते. दुसऱ्या ओळीत रोज खेळणार असलेल्या तीन-चार गेम लिहा. त्यातली एखादी रे ट्रेसिंगवाल्या (गेममधला प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या काढणाऱ्या) हार्डवेअरशिवाय सुरूच होत नाही, असं तिच्या किमान गरजांमध्ये लिहिलं असेल, तर एनव्हिडियाच्या जीटीएक्स मालिकेची सगळी कार्डं आणि एएमडीच्या आरएक्स ५७०० एक्सटीसारखी कार्डंही तिथेच बाद करा. आकडेमोड त्यानंतर.

पैसे वाटताना मी एकच प्रश्न विचारतो: या पार्टाचं आधीचं आयुष्य मला तपासता येईल का? ज्याचं येतं तो पार्ट जुना घ्यावा, ज्याचं येत नाही तो नवा. म्हणूनच एसएमपीएसचे, म्हणजे सगळ्या पार्टांना वीज पुरवणाऱ्या डब्याचे, पैसे आधी बाजूला काढून ठेवा आणि तो नवा, चांगल्या वॉरंटीचा घ्या. आतले कपॅसिटर उष्णतेने वर्षानुवर्षं झिजत जातात. बाहेरून ते दिसत नाही आणि अर्ध्या तासाच्या चाचणीतही बहुधा कळत नाही. तो बिघडला तर सोबत कार्ड आणि मदरबोर्डही जाऊ शकतं. जुन्या मॉड्युलर (केबली सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या केबली घरात पडून असतील तर नव्याला लावू नका. एसएमपीएसच्या बाजूच्या जोडणीचं एकच एक मानक नाही. प्लग नीट बसतो, पण भलत्या तारेतून भलतं व्होल्टेज जातं आणि हार्डडिस्क किंवा एसएसडी जळते.

याच्या अगदी उलट प्रोसेसर. तो सहसा बिघडत नाही, त्यामुळे जुना घ्यायला सर्वांत निर्धोक. कमी पैशांत एएमडीचं एएम४ सॉकेट (मदरबोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) मला अजूनही आवडतं, कारण २०१७ च्या पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर त्याच सॉकेटवर आले. आज रायझन ५ ३६०० घेऊन पुढे ५६०० किंवा ५८००एक्स३डी बसवता येतो. मात्र बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची प्रोसेसर-यादी उघडून कोणतं बायोस (बोर्ड किंवा कार्ड सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) लागतं ते आधीच लिहून घ्या. इंटेलमध्ये एलजीए ११५१ या नावावर विसंबू नका: सहाव्या-सातव्या पिढीचे बोर्ड आणि आठव्या-नवव्या पिढीचे प्रोसेसर एकाच नावाच्या सॉकेटचे असूनही एकत्र चालत नाहीत. मॉडेलच्या शेवटी एफ असेल, जसं आय५-१०४००एफ किंवा १२४००एफ, तर त्यात अंगचं ग्राफिक्स नसतं. कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काहीच येणार नाही. विंडोज ११ हवं असेल तर इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका ही खालची मर्यादा धरा.

प्रोसेसर सहसा बिघडत नाही, या म्हणण्याला एक ठळक अपवाद आहे. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले जास्त वॅटचे डेस्कटॉप प्रोसेसर, विशेषतः आय७ आणि आय९, चुकीच्या व्होल्टेजमुळे आतून झिजत होते. २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, जी बायोस अपडेटमधून येते) आला, पण आधी झालेली झीज त्याने भरून निघत नाही. आधीच्या मालकाने बायोस कधी अपडेट केलं हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. स्वस्त मिळाला तरी मी तो जुना घेणार नाही.

मदरबोर्ड डोळ्यांनी वाचायचा. सॉकेटवरचं झाकण काढून टॉर्चच्या उजेडात, दोन-तीन कोनांतून बघा. पिनांची रांग एकसारखी चमकली पाहिजे. मी एकदा झाकण न उघडताच बोर्ड घरी आणला आणि कोपऱ्यातल्या दोन पिना वाकलेल्या निघाल्या. रॅमचा एक चॅनल त्यावर कधीच चालला नाही. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, तिथे त्या बघा. विक्रेता तुमच्यासमोर कूलर काढणार असेल तर आधी मशीन थोडा वेळ चालवून गरम करायला आणि कूलर हलकेच फिरवून मग उचलायला सांगा, नाहीतर कूलरखालच्या, उष्णता वाहून नेणाऱ्या पण वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. फुगलेले कपॅसिटर आणि रॅमचे सगळे स्लॉट तपासा. बायोसला पासवर्ड नाही याची खात्री करा.

आता ग्राफिक्स कार्ड. सगळ्यात जास्त पैसे इथे जातात आणि फसवणूकही इथेच जास्त होते. पहिलं म्हणजे नाव सारखं, माल वेगळा. जीटीएक्स १०६० च्या ६ जीबीच्या कार्डात १२८० कोअर (चित्राची आकडेमोड करणारे छोटे घटक; शेडर म्हणजेही तेच) आहेत, ३ जीबीच्या कार्डात ११५२. खऱ्या आरएक्स ५८० मध्ये २३०४ शेडर असतात, पण त्याच नावाने २०४८ शेडरचं कार्डही विकलं गेलं, जे मुळात आरएक्स ५७० च्या तोडीचं आहे. जुन्या चिपवर बनावट बायोस घालून नवं नाव दाखवणारी कार्डंही फिरतात. त्यामुळे खोक्यावर किंवा स्टिकरवर विश्वास न ठेवता जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवा आणि त्यातले शेडर, मेमरी आणि मेमरीच्या बसची (चिप आणि मेमरी यांमधल्या वाटेची) रुंदी घरून लिहून आणलेल्या आकड्यांशी जुळवा.

दुसरं, बोर्डाशी जुळणी. आरएक्स ६५०० एक्सटी फक्त चार पीसीआय एक्सप्रेस लेन (कार्ड आणि बोर्ड यांमधल्या डेटाच्या वाटा) वापरतं. तिसऱ्या पिढीच्या स्लॉटवर ते बरंच मंदावतं. जुन्या बोर्डासाठी आरएक्स ६६०० पुष्कळ बरं, त्याला आठ लेन आहेत आणि ते साधारण १३२ वॅटवर चालतं. एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलं, तेही किमतीची घासाघीस करताना लक्षात असू द्या.

माइनिंगचं, म्हणजे क्रिप्टो चलन कमावण्यासाठी सतत चालवलेलं, कार्ड घ्यावं का? सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं माइनिंग बंद झालं, त्यामुळे त्याआधीच्या कोणत्याही कार्डाबाबत ही शंका घ्यावीच. मी मात्र असं कार्ड केवळ त्या कारणाने नाकारत नाही. चिप बहुधा ठीक असते. झिजतात ते पंखे आणि मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता कूलरकडे नेणारे मऊ तुकडे). पंखा बंद असताना बोटाने फिरवा, डगमगतो किंवा घासतो का बघा. बायोस बदललेलं असू शकतं, म्हणून कार्डाला दोन बायोसचं बटण असेल तर दोन्हीकडे सुरू करून बघा. नंतर अर्धा तास एखादी जड गेम किंवा बेंचमार्क चालवा आणि शेजारी तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवा. साधं तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरची सर्वांत गरम जागा) यांत तीसेक अंशांहून जास्त फरक दिसला तर पेस्ट वाळली आहे किंवा कूलर नीट बसलेला नाही. हे दुरुस्त होतं, तेवढे पैसे कमी करून मागा. पडद्यावर ठिपके, रंगीत चौकोन किंवा रेघा दिसल्या तर मात्र कार्ड तिथेच ठेवून परत या. प्रत्येक डिस्प्ले पोर्टला केबल लावून पाहा.

रॅमचं काम सोपं आहे. एकाच प्रकारच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्या आणि रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चा एक पूर्ण फेरा करा. सर्व्हरमधली रजिस्टर्ड रॅम साध्या बोर्डावर चालत नाही, कितीही स्वस्त असली तरी. एसएसडी आपली रोजनिशी स्वतःच लिहिते: क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये उरलेलं आयुष्य, चालू राहिलेले तास आणि एकूण लिहिलेला डेटा दिसतो. हार्डडिस्कमध्ये ०५, सी५ आणि सी६ या (खराब जागा मोजणाऱ्या) ओळींत शून्याखेरीज काही असेल तर नको.

कार्यालयांतून निघालेले तयार डेस्कटॉप मोहात पाडतात. घ्या, पण कॅबिनेट उघडून आधी एसएमपीएस बघा. बऱ्याच मॉडेलमध्ये त्याचा आकार आणि जोडणी कंपनीची स्वतःची असते, कार्डासाठी जादा केबल नसते आणि छोट्या कॅबिनेटमध्ये फक्त लो-प्रोफाइल (कमी उंचीचं) कार्ड मावतं. तिथल्या रायझन प्रो प्रोसेसरपैकी काही त्या कंपनीच्या बोर्डाला कायमचे बांधलेले असतात, दुसरीकडे सुरूच होत नाहीत.

निघताना पिशवीत घ्या: ही सगळी सॉफ्टवेअर असलेली पेनड्राइव्ह, मेमटेस्टसाठी वेगळी दुसरी, क्रॉस टोकाचा स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टची केबल, दोन-तीन अँटिस्टॅटिक पिशव्या आणि आकड्यांचा कागद. पार्ट सुरू करून दाखवायला विक्रेता तयार आहे का, हे फोनवरच विचारा. बिल आणि सिरियल नंबरचा फोटो मागा; काही कंपन्यांची वॉरंटी सिरियल नंबरवरच चालते. घरी आल्यावर बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी बदला, बायोस अपडेट करा आणि परतीची मुदत संपायच्या आत संपूर्ण मशीन सलग तीन-चार संध्याकाळी खेळून बघा.