ठेकेदार ठरवण्याआधी घराची आखणी कशी करावी

प्लॉट नावावर झाला की बहुतेक जण पहिला फोन ठेकेदाराला लावतात आणि विचारतात, "स्क्वेअर फुटाला रेट काय?" ठेकेदारही एक आकडा सांगतो. पण पाया किती खोल, स्लॅब किती, भिंती विटांच्या की ब्लॉकच्या, फरशी कुठली, यातलं काहीच ठरलेलं नसताना त्या आकड्याला अर्थ नसतो. काम सुरू झालं की 'एक्स्ट्रा' निघत जातं आणि भांडणाला तिथूनच तोंड फुटतं. म्हणून ठेकेदाराला बोलावण्याआधी दोन-तीन महिने शांतपणे आखणीला द्या. हा वेळ वाया जात नाही. पुढे साइटवर तोडफोड करण्यात जाणारा वेळ आणि पैसा त्यात वाचतो.

उदाहरणासाठी पुणे जिल्ह्यातला 30 बाय 40 फुटांचा, म्हणजे 1200 चौरस फुटांचा प्लॉट धरू.

आधी कागद आणि हद्द

सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मंजूर लेआउट आणि जागेचा वापर निवासी असल्याचा कागद, हे सगळं एका फाइलमध्ये लावा. त्यानंतर भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्या. शेजाऱ्याचं कंपाउंड म्हणजे तुमची हद्द, असं धरून चालू नका. कंपाउंड फूटभर आत-बाहेर असणं अगदी नेहमीचं आहे आणि 30 फूट रुंदीच्या प्लॉटमध्ये एक फूट म्हणजे अख्खा पॅसेज अरुंद होतो.

मग नियम. मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर राज्यात 2020 पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. समोरच्या रस्त्याची रुंदी आणि प्लॉटचा आकार यावर हद्दीपासून किती मोकळी जागा (मार्जिन) सोडायची आणि किती एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधकाम, मिळणार हे ठरतं. समजा, पुढे 10 फूट आणि बाकी तिन्ही बाजूंना 5 फूट सोडायचे आहेत. मग 1200 फुटांतून बांधायला उरतात 20 बाय 25, म्हणजे 500 चौरस फूट. बाहेरच्या भिंती 9 इंची धरल्या तर आतली जागा 435 फुटांच्या आसपास येते. ही वजाबाकी पहिल्याच दिवशी करा. "तळमजल्यावर तीन बेडरूम बसवू" हे स्वप्न कागदावर आल्यावर मोडलं तर फार त्रास होत नाही, जोतं झाल्यावर मोडलं तर होतो.

आणखी एक काम याच टप्प्यावरचं: चाचणी खड्डा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्यावर उथळ पाया टाकला तर भिंतींना तिरक्या भेगा जातात. मुरूम किती खोलीवर लागतो हे कळलं की पायाचा खर्च आधीच समजतो. शेजारच्या प्लॉटवर चार फुटांवर मुरूम लागला म्हणून तुमच्याकडेही तसाच लागेल असं नाही.

कोण राहणार, कसं राहणार

आता घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसायचं. इथे मोबाइलवरचे एलिव्हेशनचे फोटो बाजूला ठेवा. आपल्याकडे बंगल्याचा दर्शनी भाग आधी ठरतो आणि स्वयंपाकघर उरलेल्या कोपऱ्यात ढकललं जातं. हा क्रम उलटा करा.

वहीत सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंतचा दिवस लिहून काढा. आंघोळीला एकाच वेळी किती जण खोळंबतात? धुण्याचं मशीन कुठे, भांडी कुठे घासणार, कपडे पावसाळ्यात कुठे वाळणार? आईला भाजी निवडायला खाली बसायला आवडतं का? गणपतीत किती पाहुणे राहायला येतात? दुचाकी किती, पुढे चारचाकी येणार का? पापड-कुरडयांचं वाळवण गच्चीवर असेल तर जिना चढायला सोपा हवा.

आई-वडील सोबत असतील किंवा तुम्हीच पन्नाशीच्या पुढे असाल तर तळमजल्यावर एक बेडरूम आणि तिला जोडून बाथरूम ठेवाच. त्या बाथरूमचा दरवाजा तीन फुटी करा आणि आत कमोडशेजारची भिंत पकडदांडा लावण्याइतकी भक्कम ठेवा. आज गरज नाही म्हणून सोडून दिलेली ही गोष्ट नंतर करायला सगळ्यात अवघड जाते.

वास्तुशास्त्र पाळायचं असेल तर तेही याच बैठकीत बोला. पहिल्या कच्च्या आराखड्याच्या वेळी जिन्याची दिशा सहज बदलता येते. कॉलम उभे राहिल्यावर एखाद्या वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली तर सगळं घर दुखावतं.

खोल्या फर्निचर मांडून ठरवा

"10 बाय 10 ची बेडरूम पुरे" असं सर्रास म्हटलं जातं. मांडून बघा. डबलबेड 6 बाय साडेसहा फुटांचा. रुंदीत दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट उरले, ठीक. लांबीत साडेतीन फूट उरले. त्यात समोरच्या भिंतीला दोन फूट खोलीचं कपाट लावलं की पलंग आणि कपाट यांच्यात फक्त दीड फूट राहतो. कपाटाचं दार पूर्ण उघडत नाही आणि माणूस आडवा होऊन सरकतो. हीच खोली 10 बाय 12 केली तर प्रश्न सुटतो. अशी मांडणी प्रत्येक खोलीची करा. आलेखाच्या वहीत एक चौकोन म्हणजे एक फूट धरून फर्निचरचे कागदी तुकडे कापून सरकवले तरी पुरतं.

जिना कायम कमी जागेत धरला जातो. एका मजल्याची उंची 10 फूट, म्हणजे 120 इंच. पायरी सात इंच उंच ठेवली तर 17 पायऱ्या येतात. पाऊल ठेवायला 10 इंच हवेत. मध्ये वळण घेणारा, तीन फूट रुंदीचा जिना केला तरी साधारण साडेसहा बाय 10 फूट लागतात, शिवाय पायथ्याशी उभं राहायला जागा. आपल्या 435 फुटांतले हे 65 गेलेच. ते वाचवायला पायरी नऊ इंच उंच करू नका, गुडघे रोज त्याची किंमत मोजतात.

स्वयंपाकाच्या कट्ट्याची उंची छापील मापावर सोडू नका. जी व्यक्ती रोज स्वयंपाक करते तिला सरळ उभं करून कोपर काटकोनात वाकवायला सांगा आणि कोपराच्या साधारण चार इंच खाली कट्टा धरा.

आराखडा जमला की फक्की आणि दोरी घेऊन प्लॉटवर जा आणि खऱ्या मापात खोल्या आखा. दारातून आत या, स्वयंपाकघरातून जेवणाच्या जागेपर्यंत चालून बघा, बाथरूमचं दार कोणाच्या समोर उघडतं ते पाहा. एक सावधगिरी मात्र ठेवा. मोकळ्या आकाशाखाली आखलेली खोली नेहमी लहान वाटते. ती बघून घाबरून मापं वाढवू नका. आतलं फर्निचरही फक्कीने आखा आणि त्यावरून निर्णय घ्या.

ऊन, वारा, पाऊस

पुण्यात मेच्या मध्यावर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस आपण पाहतोच. म्हणजे उन्हाळ्यात सगळ्यात जास्त तापते ती गच्ची आणि तिच्या खालोखाल दुपारनंतर पश्चिमेची भिंत. पश्चिमेला जिना, बाथरूम, कपाटांची भिंत असं काही ठेवलं तर राहत्या खोल्या वाचतात. गच्चीवर उष्णतारोधक थर द्यायचा की पत्र्याची शेड करायची, हे आत्ताच खर्चात धरा. पाऊस आपल्याकडे नैऋत्येच्या वाऱ्यासोबत येतो, त्यामुळे त्या बाजूच्या खिडक्यांवर किमान दोन फुटी छज्जा हवा. कोकणात घर असेल तर उतरतं छप्पर आणि चारी बाजूंना लांब पागोळी हाच आखणीचा पाया समजा.

पाणी आणि वीज

बाथरूम एकावर एक येऊ द्या, पाइप लहान होतात आणि गळती झाली तर एकाच जागी शोधावी लागते. जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान दीड फूट वर हवं. पुढे रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात, म्हणून थोडं जास्तच ठेवलेलं बरं. गच्ची 1000 फुटांची असेल तर एक मिलिमीटर पावसात सुमारे 93 लिटर पाणी पडतं. वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस धरला तर 65 हजार लिटर. ते टाकीत की बोअरजवळच्या शोषखड्ड्यात, हे ठरवून पाइप नकाशातच दाखवा.

विजेचे पॉइंट फर्निचर ठरल्यावरच. पलंगाच्या दोन्ही बाजूंना, कट्ट्यावर मिक्सरसाठी, इन्व्हर्टर, एसी, गच्चीवर सोलरची वायर उतरायची जागा. प्लास्टर झाल्यावर झिऱ्या पाडणं म्हणजे नवी भिंत फोडणं.

नकाशे कोणाकडून

आर्किटेक्टची नोंदणी 1972 च्या कायद्याखालच्या वास्तुकला परिषदेकडे असते, ती तपासा. कॉलम-बीमसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर वेगळा घ्या. ही फी वाचवायचा मोह अनेकांना होतो आणि सळई किती टाकायची हे गवंड्याच्या अंदाजावर सोडलं जातं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि धाब्याची जड छपरं लोकांच्या अंगावर कोसळली. घर भक्कम दिसणं आणि भूकंपात टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट हिशेबानेच साधते.

मंजुरीचा नकाशा पुरेसा नसतो. तो परवानगीसाठी असतो. तुम्हाला हवेत ते कामाचे नकाशे: प्रत्येक मजल्याची मापं, छेद (घर उभं कापलं तर आतून कसं दिसेल ते), आरसीसी, दारं-खिडक्यांची मापांसह यादी, नळ आणि वीज.

मग ठेकेदार

हेच नकाशे आणि साहित्याची यादी किमान तिघांना द्या. यादीत सिमेंटची प्रत, सळईचा प्रकार, विटा की ब्लॉक, फरशीचा चौरस फुटाचा मूळ दर, वॉटरप्रूफिंगची पद्धत, सगळं लिहिलेलं असावं. रेट लेबरचा आहे की साहित्यासह, आणि तो स्लॅबच्या क्षेत्रावर लावणार की कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या जागेवर, हे लेखी घ्या. कंपाउंड, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, बोअर आणि गेट यांचे दर वेगळे मागा, कारण स्क्वेअर फुटाच्या रेटमध्ये ते बहुधा धरलेले नसतात. एकूण अंदाजाच्या दहा टक्के रक्कम बाजूला ठेवून मगच फरशीचं बजेट ठरवा. एखाद्याचा आकडा इतर दोघांपेक्षा फारच कमी आला तर त्याच्यासोबत बसून यादीतली एकेक ओळ वाचा, काय गाळलंय ते तिथेच सापडतं.