एका नेटवर दोन गेमर: या चुका टाळा

घरात दोन कॉम्प्युटर, दोघंही ऑनलाइन गेम खेळणारे आणि नेट मात्र एकच. अशा घरात गेम अडकायला लागला की पहिला फोन जातो नेटवाल्याला आणि पहिला खर्च होतो मोठ्या प्लॅनवर. सगळ्यात मोठी चूक इथेच होते. गेमला वेग फारसा लागत नाही. बहुतेक ऑनलाइन गेम एका खेळाडूमागे एक-दोन एमबीपीएसच्या आत भागवतात, म्हणजे ४० एमबीपीएसच्या साध्या प्लॅनवर दोघंच काय, चौघं खेळू शकतात. गेमला हवं असतं वेळेवर उत्तर. निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात, तो पिंग. तो ३० आहे की ५०, यापेक्षा तो स्थिर आहे की उड्या मारतोय, हे महत्त्वाचं. १०० चा ३०० एमबीपीएस केल्याने या उड्या सहसा थांबत नाहीत, कारण बहुतेक वेळा त्या घरातच तयार होतात.

न तपासताच उपाय सुरू करणं

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरला पिंग लावा, म्हणजे ‘पिंग’ लिहून पुढे राउटरचा पत्ता टाका. त्याचा पत्ता बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि राउटरखालच्या स्टिकरवर छापलेला असतो. दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला, पिंग लावा. दोन्हीकडे शेवटी ‘-टी’ जोडा (अक्षर अर्थातच इंग्रजीत), म्हणजे पिंग चालूच राहील. आता दोघांनी नेहमीसारखं खेळायला बसा आणि गेम अडकला त्या क्षणी खिडक्यांकडे बघा.

राउटरकडून उत्तर १ मिलिसेकंदात येतंय, पण बाहेरचा आकडा २० वरून २५० वर गेला, तर अडचण राउटरच्या पुढे, लाइनमध्ये आहे. राउटरचंच उत्तर २, ३, ९०, २, १४० असं येत असेल, मध्येच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ दिसत असेल, तर दोष वायफायचा. नेटवाल्याशी भांडण्यात अर्थ नाही. दोन्ही आकडे शांत असूनही गेम अडकतोय, तर सर्व्हर किंवा खुद्द कॉम्प्युटर बघा. हीच तपासणी दुसऱ्या कॉम्प्युटरवरही करा. त्रास एकालाच होत असेल, तर निम्मं कोडं तिथेच सुटतं.

एक खेळतोय, दुसऱ्याचं डाउनलोड चालू

दोन गेमरांच्या घरातलं हे मुख्य दुखणं. लाइन पूर्ण भरली की राउटर किंवा मोडेम जादा पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) फेकून न देता साठवत बसतो. टोलनाक्यावर मालाने भरलेल्या ट्रकांच्या मागे दुचाकी अडकावी, तसं गेमचं चिमुकलं पॅकेट त्या रांगेत उभं राहतं. या प्रकाराला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस या अमेरिकी अभियंत्याने २०१० च्या सुमारास हा विषय लावून धरला. त्यानंतर रांग छोटी ठेवणाऱ्या चांगल्या पद्धती निघाल्या, पण नेटसोबत मिळणाऱ्या साध्या राउटरांत त्या अजूनही क्वचितच सापडतात.

स्टीमवर (गेम विकत घ्यायचं आणि उतरवायचं ॲप) भरवसा ठेवणारे इथे फसतात. तुम्ही गेम सुरू केलात की स्टीम स्वतःचं डाउनलोड थांबवतं, पण फक्त त्याच कॉम्प्युटरवरचं. शेजारच्या खोलीत कोणी खेळतंय, हे दुसऱ्या कॉम्प्युटरवरच्या स्टीमला कळायचा मार्ग नाही. ते बिनधास्त ६० जीबीचा अपडेट ओढत राहतं. म्हणून दोन्हीकडे स्टीमच्या सेटिंगमध्ये डाउनलोडच्या वेगावर मर्यादा घाला, नाहीतर अपडेटची वेळ पहाटेची ठेवा. दोघांकडे एकच गेम असेल तर तो नेटवरून दोनदा उतरवायचीही गरज नाही. २०२३ पासून स्टीम घरातल्या एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर फाइल थेट पाठवू देतं.

अपलोडकडे तर कोणी बघतच नाही. फोन वायफायवर आला की फोटोंचा बॅकअप सुरू होतो, क्लाउडवर रेकॉर्डिंग करणारा कॅमेरा दिवसभर व्हिडिओ वर पाठवत असतो, आणि विंडोजची डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन सोय चालू असेल तर तुमचा कॉम्प्युटर अपडेटचे तुकडे बाहेरच्यांनाही वाटू शकतो. ती सोय ‘फक्त माझ्या नेटवर्कमधले कॉम्प्युटर’ एवढीच ठेवा.

रांग आहे का, हे फास्ट डॉट कॉमवर दिसतं. चाचणी झाल्यावर जास्तीची माहिती उघडा; रिकाम्या लाइनची आणि भरलेल्या लाइनची लेटन्सी, म्हणजे उत्तर यायला लागणारे मिलिसेकंद, वेगवेगळी दाखवलेली असते. पहिली १५ आणि दुसरी २०० असेल, तर रोग सापडला. राउटरमध्ये एसक्यूएम किंवा नीट चालणारं क्यूओएस (दोन्ही रांग आवरणाऱ्या सोयी) असेल, तर एकूण मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवा. थोडा वेग जातो, पण रांग तुमच्या राउटरच्या ताब्यात येते. मात्र एकाच कॉम्प्युटरला ‘हायेस्ट प्रायॉरिटी’ देऊ नका; घरात दोन गेमर असताना तो दुसऱ्यावर अन्यायच होतो.

वायफायवर दोघंही

वायफायमध्ये सहसा एका वेळी एकच उपकरण बोलतं, बाकीची थांबतात. लांबच्या खोलीतल्या, कमकुवत सिग्नलवरच्या कॉम्प्युटरला तोच डेटा पाठवायला कितीतरी जास्त वेळ लागतो आणि तेवढा वेळ राउटरशेजारच्याचाही जातो. म्हणून ‘माझा सिग्नल फुल आहे, मला काय’ असं म्हणून चालत नाही.

एकच केबल टाकता येणार असेल, तर ती लांबच्या कॉम्प्युटरला टाका. कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस नेते, म्हणजे कुठल्याही फ्लॅटला पुरून उरते. केबल लावूनही लिंक १०० एमबीपीएसच दिसली, तर राउटरचा पोर्ट तेवढ्याच क्षमतेचा आहे किंवा कनेक्टरमधल्या आठांपैकी एखादी तार नीट बसलेली नाही. केबल अशक्यच असेल तर वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर एकमेकांना न छेदणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि सोसायटीतले सगळे राउटर त्यांवरच दाटीवाटीने बसलेले असतात.

राउटरमागे राउटर

फायबरवाल्याच्या डब्यामागे बाजारातून आणलेला दुसरा राउटर जोडला, की पत्ते दोनदा बदलले जातात. मग एक कॉम्प्युटर पहिल्यावर, दुसरा दुसऱ्यावर, आणि गेममध्ये ‘नॅट टाइप स्ट्रिक्ट’, म्हणजे बाहेरच्या खेळाडूंशी थेट जोडणी अवघड. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो पत्ते न बदलता फक्त वायफाय देईल. ती सोय नसेल तर त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करा, त्याचा पत्ता पहिल्यापेक्षा वेगळा ठेवा आणि केबल त्याच्या लॅन पोर्टला जोडा.

पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये दोघांची हमखास गफलत होते. बाहेरचा एक पोर्ट (इथे केबलचं भोक नव्हे, तर दारासारखा एक क्रमांक) आतल्या एकाच कॉम्प्युटरकडे वळवता येतो. दोघांनाही माइनक्राफ्टचा जावा सर्व्हर चालवायचा असेल, तर एकाला २५५६५ आणि दुसऱ्याला २५५६६ द्या, आणि राउटरमध्ये दोघांचे आतले पत्ते पक्के करा. नाहीतर वीज गेली-आली की पत्ते बदलून सगळं मोडतं. वैतागून कॉम्प्युटर डीएमझेडमध्ये (बाहेरून येणारं सगळं त्याच्याकडे वळवणारी सेटिंग) टाकू नका, तो सगळ्या जगाला उघडा पडतो. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तुम्ही कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात आणि फॉरवर्डिंग चालणारच नाही. अशा वेळी कंपनीकडे पब्लिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा असा बाहेरचा पत्ता, मागा. नुसतं गेम कंपनीच्या सर्व्हरवर खेळत असाल तर याची फिकीर नको.

घरातल्या घरात खेळताना

एकाने सर्व्हर उघडला आणि दुसऱ्याला तो दिसतच नाही? एक जण गेस्ट वायफायवर तर नाही ना, ते आधी बघा; तिथे उपकरणं एकमेकांपासून तोडलेली असतात. मग विंडोजमध्ये घरचं नेटवर्क ‘प्रायव्हेट’ आहे का ते तपासा. पूर्ण फायरवॉल बंद करणं हा उपाय नव्हे. तेवढ्या गेमला परवानगी द्या. आणि जोडताना १९२.१६८ वाला आतला पत्ता वापरा, बाहेरचा नको.

एक हिशेब खात्यांचाही आहे. स्टीम फॅमिलीजमध्ये (स्टीमची घरच्यांनी गेम वाटून घ्यायची सोय) सहा जण गेम वाटून घेऊ शकतात, पण एकच गेम दोघांना एकाच वेळी खेळायचा असेल तर त्याच्या दोन प्रती घ्याव्याच लागतात.

सर्व्हर चुकीचा निवडणं

व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ यांचे सर्व्हर मुंबईत आहेत. तरी सेटिंगमध्ये सिंगापूर राहून गेलं, तर मुंबईपासून सुमारे ३९०० किलोमीटर जायचं आणि यायचं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जवळपास ४० मिलिसेकंद तिथेच गेले. ते कुठल्याही राउटरने परत मिळत नाहीत. दोघांनी एका टीममध्ये खेळायचं असेल, तर दोन्ही कॉम्प्युटरवर तोच सर्व्हर निवडलाय ना, हे मॅच शोधण्याआधी बघून घ्या.