चालक उतरवण्याआधी: मेट्रोचा हॅझर्ड लॉग कसा लिहायचा

हॅझर्ड लॉग म्हणजे काय काय धोका होऊ शकतो आणि त्यावर उपाय काय, याची नोंदवही. आमच्या मेट्रो सेफ्टीच्या कामात नवं कुणी आलं की पहिल्या दिवशी स्टँडर्ड उघडून बसतं. विनाचालक मेट्रोच्या सुरक्षेचं आयईसी ६२२६७ वाचावंच लागतं, रेल्वे सुरक्षेचं ईएन ५०१२६ सुद्धा. पण त्याआधी मी त्यांना कॅबमध्ये, म्हणजे चालकाच्या केबिनमध्ये, पाठवते. हातात वही, आणि चालक गाडी चालवण्याखेरीज जे जे करतो ते टिपायचं. आपल्याकडच्या नव्या मेट्रोत गाडी पळवणं-थांबवणं बहुतेक यंत्रच करतं; चालक दारं लावतो आणि बटण दाबतो. ही ऑटोमेशनची दुसरी पायरी. चौथीवर गाडीत कर्मचारी लागतच नाही. या दोन पायऱ्यांमध्ये काय काय हरवतं ते वहीत उतरतं: रुळावर पडलेली वस्तू दिसणं, जळका वास येणं, खडखडाट नेहमीपेक्षा वेगळा वाटणं, धावत येणाऱ्या बाईकडे बघून क्षणभर थांबणं. यातलं निम्मं कुठल्याही ड्युटीच्या पुस्तकात नसतं.

याच ओळींपासून लॉग सुरू होतो. आता प्रत्येक ओळीपुढे लिहा: हे काम यापुढे कोण करणार? ‘सिस्टिम करेल’ हे उत्तर मी लाल शाईने खोडते. कुठली सिस्टिम? ती बिघडली तर कुणाला कळणार, आणि किती वेळात?

यंत्राकडून गाडीला जाणाऱ्या प्रत्येक आदेशासाठी दोन ओळी ठेवा: चुकीचा आला तर, आणि आलाच नाही तर. दुसरी ओळ लोक विसरतात. १ जून २०१९ रोजी योकोहामात शिन-सुगिता स्थानकातून विनाचालक गाडी उलटी निघाली आणि सुमारे २५ मीटरवरच्या बफरवर, म्हणजे रूळ संपतो तिथल्या अडथळ्यावर, आदळली. दिशेचा आदेश नेणारी वायर तुटली होती; आदेश मिळेना, तेव्हा मोटरच्या कंट्रोलने आधीचीच दिशा धरून ठेवली.

बदलाच्या काळात ‘चालक लक्ष ठेवेल’ असं लिहून जोखीम कमी दाखवू नका. वॉशिंग्टनला जून २००९ मध्ये ट्रॅक सर्किटला (रुळावर गाडी आहे का हे ओळखणाऱ्या विद्युत यंत्रणेला) पुढे उभी असलेली गाडी दिसलीच नाही. मागची गाडी ऑटोमॅटिकवर होती, कॅबमध्ये चालक होती, तिने इमर्जन्सी ब्रेक लावलाही, पण उशिरा. ९ जण गेले.

दारांवर मात्र भरपूर वेळ घालवा. चाचणीला सगळे लाकडी ठोकळा घेऊन येतात. ठोकळा मध्ये धरला की दार उघडतं आणि टिकमार्क होते. मी पिशवीत नायलॉनची ओढणी, सॅकचा पट्टा आणि जुन्या साडीचा पदर नेते. दाराच्या दोन रबरांमध्ये पदर चिमटीत धरा, दार लावा आणि कंट्रोल रूममध्ये काय दिसतं ते विचारा. ‘बंद आणि लॉक’ दिसत असेल तर पदर ओढून पाहा, सुटतो का. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या इंदरलोक स्थानकात कपडे दारात अडकून फरफटत गेलेल्या महिलेचा मृत्यू झाला, तोही चालक असलेल्या मार्गावर. प्लॅटफॉर्मचे दरवाजे बसवले म्हणजे झालं, असंही नाही. शांघायच्या विनाचालक १५ नंबर लाइनवर जानेवारी २०२२ मध्ये एक वृद्धा उतरताना त्या दरवाजातच अडकून दगावली. म्हणून विचारा: प्लॅटफॉर्मवरच्या माणसाला गाडी रोखून धरायचं बटण कुठे आहे? गर्दीत तो तिथवर किती सेकंदांत पोचतो? स्टॉपवॉच लावून बघा, सकाळी नऊला.

लॉगमधून डेपो वगळू नका. १९ डिसेंबर २०१७ रोजी, दिल्लीची मॅजेंटा लाइन उघडायच्या आठवडाभर आधी, कालिंदी कुंज डेपोत एक गाडी भिंत फोडून बाहेर आली. वर्कशॉपमधून धुवायला पाठवताना ब्रेक तपासलेले नव्हते. लाइनवर सगळी राखण सिग्नलिंग करतं. डेपोत कुठल्या रुळापर्यंत ऑटोमॅटिक आणि कुठून हाताने, ती सीमारेषा नकाशावर काढून घ्या.

जुनी लाइन बदलायची असेल तर मिश्र काळासाठी वेगळा लॉग. पॅरिसची १९००ची एक नंबर लाइन अशीच बदलली: आधी प्लॅटफॉर्मचे दरवाजे, मग २०११च्या शेवटापासून विनाचालक गाड्या, चालकवाल्या गाड्यांच्या बरोबरीने. सिंगापूरला नव्या सिग्नलिंगवर जातानाच, नोव्हेंबर २०१७ मध्ये, जू कून स्थानकात एक गाडी पुढच्या गाडीवर आदळली.

धोक्यांच्या वारंवारितेचे आणि तीव्रतेचे आकडे सगळ्यांत शेवटी भरा. आधी भरले की मीटिंग आकड्यांवरच भांडत बसते. आणि ‘बंद’ (म्हणजे धोका निकालात काढला) असं लिहिलेल्या ज्या ओळीपुढे चाचणीची तारीख आणि सही नाही, ती ओळ पुन्हा उघडा, प्रोजेक्ट मॅनेजर कितीही घाई करो.