फुलवाली झाडं की उघड्या बियांची? सोसायटीच्या आवारातच ओळखा

नववीला आवृत्तबीजी (फुलवाली, बिया फळात झाकलेली) आणि अनावृत्तबीजी (उघड्या बियांची) झाडांचा तक्ता मुलं पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. त्यापेक्षा ब्लेड आणि भिंग घेऊन मुलांबरोबर खाली उतरा, पुण्यात दोन्ही प्रकार बहुतेक सोसायट्यांमधे सापडतातच.

सुरुवात गुलमोहोरापासून करा, एप्रिल-मेमधे ताजं फूल मिळतं. पाकळ्या आणि ते लांब पुंकेसर काढून टाकले की मधे बारीक शेंगेसारखं काहीतरी उरतं, ते अंडाशय. ब्लेडने हलक्या हाताने उभं चिरा आणि भिंगातून बघा, आत इवलीशी बीजांडं (पुढे यांच्याच बिया होतात) ओळीने बसलेली दिसतील. म्हणजे बी व्हायच्या आधीपासूनच ती बंद खोलीत आहेत, परागकणाला थेट तिथे जाता येत नाही, तो कुक्षीवर, म्हणजे अंडाशयावरच्या दांडीच्या टोकावर पडतो, तिथून नळी काढतो आणि ती नळी आत पोचते, आणि मग त्याच अंडाशयाची ती लांबलचक कडक शेंग होते.

आता मोरपंखीकडे या. तिच्यावर निळसर हिरवी, शिंगं फुटल्यासारखी बोंडं असतात ना, ते शंकू. वाळून तपकिरी झालेला एक घ्या आणि तळहातावर झटका, बिया सुट्ट्या पडतील. गर नाही, शेंग नाही, खवल्यांच्या आधाराने नुसत्या बसलेल्या असतात. इथे अंडाशयच नाही त्यामुळे फळ पण नाही, वाऱ्याने आलेला पराग सरळ बीजांडाच्या तोंडावरच्या चिकट थेंबात अडकतो.

पानांवरून मात्र अजिबात ठरवू नका, सगळे तिथेच फसतात. सुरूचं झाड बघून कोणीही उघड्या बियांच्या पाईनचा भाऊ म्हणेल, पण तो फुलवाला आहे, त्याची ती "सुई" म्हणजे बारीक फांदी, ओढली की सांध्यासांध्यावर तुटते. उलट नर्सरीत पाम म्हणून मिळणारा सायकस उघड्या बियांचा, आणि खरे पाम, नारळ वगैरे, फुलवाले. वड-उंबर पण फुलवालेच, फुलं फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आत असतात म्हणून दिसत नाहीत.

जगात फुलवाल्या जाती साधारण 3 लाख आणि उघड्या बियांच्या जेमतेम हजाराच्या वर, त्यामुळे मोरपंखी, सायकस, अरौकेरिया (ख्रिसमस ट्री म्हणून लावतात ते) एवढे ओळखता आले तरी आपल्याकडचं बरंचसं काम होतं.

सायकसमधे नर-मादी झाडं वेगळी असतात. मादी झाड मिळालं तर शेंड्याजवळच्या लवदार तपकिरी पानांसारख्या भागांच्या कडेला बिया लटकलेल्या दिसतात, नक्की बघा, पण त्या विषारी आहेत, त्यामुळे लहान मुलं आणि कुत्री लांब ठेवा आणि हात लावलात तर साबणाने धुवा.